प्रिय रडके जाधव

बिल्कीस आपांना मेल मनातल्या मनात वाचता यायचा नाही. त्या तो मोठ्यानं वाचायच्या, आणि ज्यानं पाठवला असेल त्याच्या आवाजात वाचायच्या. कळमनुरीकडच्या एका गिऱ्हाइकाला बोलता बोलता नाक ओढायची सवय होती, तर त्याच्या मेलमधल्या प्रत्येक पूर्णविरामाला आपा नाक ओढायच्या. एक निवृत्त गुरुजी होते, ते फोनवर प्रत्येक वाक्य दोनदा बोलायचे. त्यांचा मेल आला की आपा प्रत्येक वाक्य दोनदा वाचायच्या, दुसऱ्यांदा जरा रागावून. आम्ही ऑफिसातली मोजकी माणसं हातातलं काम टाकून ऐकायचो. शेठ केबिनमधून ओरडायचे, "आपा, ऑफिस आहे का तमाशा?" त्यावर आपा शेठच्याच घोगऱ्या सुरात "ऑफिस आहे का तमाशा?" असं वाचून दाखवायच्या, जणू त्या मेलचंच ते शेवटचं वाक्य आहे, आणि पुढचा मेल उघडायच्या.

आमचा कारखाना वारंगा फाट्याजवळ, हायवेला लागून. हळद शिजवायचे मोठाले कुकर आणि वाळलेली हळद घासून चकचकीत करायचे पॉलिशचे ड्रम तिथं बनतात. गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी, भाड्यानं मशीन फिरवणारे आणि आसपासच्या जिल्ह्यांतले डीलर. अनुदानाच्या कागदांना कोटेशन मेलवरच लागायचं, म्हणून ज्यानं त्यानं कुणाकडून तरी मेलचा पत्ता काढून घेतलेला. आणि एकदा पत्ता हातात आल्यावर माणूस थांबतो होय? कुकरचं झाकण गळालं की मेल, ड्रमचं बेअरिंग वाजलं की मेल, ट्रॅक्टर चिखलात फसला तरी मेल, कारण आमचा कुकर त्याच्यामागं जोडलेला. हे सगळे मेल, आणि फोनही, आपांकडे यायचे.

आपा तेव्हा पन्नाशीच्या पुढे. उंचीनं लहान, चष्मा कायम कपाळावर, आणि चपला टेबलाखाली काढून ठेवलेल्या. कुठं उठून जायचं झालं की त्या चपला पायानं चाचपायच्या आणि सापडेपर्यंत बोलत राहायच्या. पुष्कळदा चपला सापडेस्तोवर कुठं जायचं होतं तेच विसरलेलं असायचं. मग त्या पुन्हा चपला काढून बसायच्या.

मी मूळचा औंढ्याचा. आमच्या घरी नागनाथाच्या देवळातली सेवा आहे. कॉम्प्युटरचं शिकून मी या कारखान्यात लागलो आणि पहिल्याच दिवशी आपांनी माझी चौकशी केली. गाव विचारलं, घरचं काम विचारलं आणि म्हणाल्या, "म्हंजे महाराज तुमी!"

"आपा, माझं नाव प्रशांत."

"असंल. मी कुठं न्हाई म्हणले?"

तेव्हापासून मी महाराज. पुढं पगाराचा कागद आणून देणारा माणूससुद्धा महाराजच म्हणायला लागला.

नावं ठेवणं हा आपांचा छंद होता असं बाहेरच्यांना वाटायचं. त्यांच्या मते ती कामाची गरज होती. "आपल्याकडं जाधव किती, पठाण किती, चव्हाण किती? नुसतं जाधव म्हणलं तर कुण्या जाधवाचा कुकर हाय ते कसं कळावं?" म्हणून एक होते रडके जाधव, एक होते उद्या-देतो जाधव, आणि एक होते मिस कॉल जाधव. गंमत म्हणजे नाव घेतल्याबरोबर आपांना त्या माणसाचं मशीन, त्याच्या गावचा रस्ता आणि त्याच्या बायकोचा स्वभाव असं सगळं एकदम आठवायचं. अर्थात सगळं खरंच असेल असं नाही. एकदा त्यांनी उद्या-देतो जाधवांचं बेअरिंग मिस कॉल जाधवांना पाठवून दिलं, आणि तो माणूस तक्रार करायला लागला तर म्हणाल्या, "ठेवून घ्या. लागंल कधी ना कधी."

रागाच्या मेलसाठी त्यांचा एक नियम होता. असा मेल आला की आधी चहा मागवायचा. चहा येईपर्यंत मेलकडे पाहायचं नाही, पिऊन होईपर्यंत उत्तर द्यायचं नाही. "रागाचा मेल गरम गरम घशाखाली घातला की तोंड पोळतं," म्हणायच्या. मग उत्तर लिहायचं ते असं: "सप्रेम नमस्कार. तुमचा मेल भेटला. कुकर भर हंगामात बंद पडला हे वाचून वाईट वाटले. कुकरला पण वाटले असेल. सोमवारी फिटर येत आहे, त्याला जेवू घालावे, तो उपाशी काम करत नाही." शेठना हे उत्तर अजिबात आवडायचं नाही. गिऱ्हाइकांना मात्र आवडायचं, आणि फिटरला तर फारच.

एके वर्षी शेठ कुठल्याशा प्रदर्शनाला गेले आणि येताना सॉफ्टवेअर घेऊन आले. गिऱ्हाइकांचा सगळा व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर. कुणी काय घेतलं, कधी तक्रार केली, त्याला काय उत्तर दिलं, सगळं एका जागी. ते आमच्या मेल सर्व्हरला जोडायचं होतं. मेल सर्व्हर म्हणजे शेठच्या केबिनमागच्या खोलीत ठेवलेलं एक काळं डबडं. कारखान्याचे सगळे मेल त्याच्यातूनच जायचे-यायचे. आपा त्याला पेटी म्हणायच्या. जोडणीचं काम पुण्याच्या कंपनीतला निनाद नावाचा मुलगा फोनवरून करणार होता, आणि इथून हात मी लावायचे.

पहिल्या दिवशी निनादनं पडद्यावर येऊन सगळं समजावून सांगितलं. मेल आला की सॉफ्टवेअर तो आपोआप त्या गिऱ्हाइकाच्या नावाखाली लावणार, त्याला तक्रार क्रमांक देणार आणि "आपली तक्रार नोंदवली आहे" असं उत्तरही स्वतःच पाठवणार.

आपांनी विचारलं, "मंग मी काय करू?"

"मॅडम, तुम्ही फक्त बघायचं."

"बघायला मी काय लग्नात आले का?"

निनाद हसला. त्याला वाटलं, बाई थट्टा करतायत. आपा थट्टा करत नव्हत्या. दुपारी डबा खाताना त्यांनी मला हळूच विचारलं, "महाराज, ही पेटी अन् ते सॉफ्टवेअर जोडलं की शेठ मला घरी तर न्हाई पाठवणार?" मी नाही म्हणालो. पण खात्री मलाही नव्हती.

जोडणी झाली आणि दोन दिवसांत पहिला घोटाळा झाला. आम्हाला पत्रे पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडची कारकून बाई रजेवर गेली होती. जाताना तिनं आपल्या मेलला सांगून ठेवलेलं, की कुणाचाही मेल आला तर "मी रजेवर आहे, आल्यावर उत्तर देईन" असं आपोआप कळव. आमच्याकडून तिला एक मेल गेला. तिच्याकडून रजेचं उत्तर आलं. आमच्या सॉफ्टवेअरला वाटलं नवी तक्रार आली, त्यानं क्रमांक देऊन कळवलं, तक्रार नोंदवली आहे. तिकडून पुन्हा, मी रजेवर आहे. इकडून पुन्हा, तक्रार नोंदवली आहे. दुपारभर दोन्ही यंत्रं एकमेकांना उत्तरं देत बसली.

हे पहिल्यांदा पाहिलं आपांनी. दुसरं कुणी असतं तर आरडाओरडा केला असता. आपांनी चहा मागवला, खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि दोघांचे मेल दोन आवाजांत वाचायला सुरुवात केली. रजेवरच्या बाईला त्यांनी सर्दी झालेला आवाज दिला आणि आमच्या सॉफ्टवेअरला दवाखान्यातल्या गोड नर्सचा. मी फॅक्टरीतून आलो तेव्हा ऑफिसात हसून हसून लोकांच्या डोळ्यांना पाणी आलेलं.

"आपा, हे कधीपासून चाललंय?"

"लय वेळ झाला. दोघंबी लय सभ्य हायेत बघ. समोरच्याला उत्तर न देता कसं ऱ्हावं म्हणून दोघंबी थांबून राहिले न्हाईत."

मी धावत जाऊन आपोआप उत्तराचा तो नियम तेवढ्यापुरता बंद केला. तोपर्यंत पेटी इतकी तुंबली होती की त्या दिवशी त्यानंतर कारखान्याचा एकही मेल बाहेर गेला नाही. शेठ संतापले. आपा मात्र माझ्यावरच नाराज. "काहून बंद केलं? जरा मन रमलं होतं त्यांचं."

पुढचा घोटाळा मात्र हसण्यावारी जाणारा नव्हता.

महाशिवरात्र आली. औंढ्याला त्या दिवसांत यात्रेची गर्दी असते, घरची सेवा असते, मला दरवर्षी सुट्टी घ्यावीच लागते. मी गावी गेलो. इकडे निनादचं एक काम बाकी होतं. पेटीतल्या मेलच्या पत्त्यांमधून गिऱ्हाइकांची नावं उचलून सॉफ्टवेअरमध्ये आणायची. मी नव्हतो म्हणून त्यानं आपांना फोन लावला. हे सगळं नंतर त्यानंच मला सांगितलं, जवळजवळ रडत.

त्यानं विचारलं होतं, "मॅडम, तुमच्याकडची नावं स्वच्छ आहेत ना?"

आपा म्हणाल्या होत्या, "एकदम साफ. मी रोज सकाळी पुसते."

आपांना वाटलं तो कॉम्प्युटरबद्दल विचारतोय. त्याला वाटलं नावं तपासलेली आहेत. त्यानं बटण दाबलं.

आता आपांनी ती नावं मेलच्या पत्त्यांतही तशीच लिहून ठेवली आहेत, हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. उत्तर देताना त्या आलेल्या मेललाच उत्तर द्यायच्या, त्यामुळे ती नावं कधी बाहेर गेली नव्हती. ती फक्त त्यांच्या शोधण्यासाठी होती. पण सॉफ्टवेअरला काय कळतं? त्याला पत्ता दिसला, पुढं नाव दिसलं, ते त्यानं उचललं. आणि यात्रा संपून मी परत आलो त्याच सकाळी, शेठनी आधीच ठरवून ठेवल्याप्रमाणे, सॉफ्टवेअरनं सगळ्या गिऱ्हाइकांना नावानिशी शुभेच्छा पाठवल्या.

"प्रिय रडके जाधव, आपणांस व आपल्या कुटुंबास हळद हंगामाच्या हार्दिक शुभेच्छा."

"प्रिय उद्या-देतो जाधव."

"प्रिय दोनदा-बोल गुरुजी."

शेठचा स्वतःचा मेलही त्या पत्त्यांत होता. ते केबिनमधून बाहेर आले तेव्हा हातात मोबाईल होता. त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. "प्रिय तमाशा शेठ," असं त्यावर लिहिलं होतं.

मग फोन वाजायला लागले. ऑफिसातले दोन्ही फोन, शेठचा मोबाईल, माझा मोबाईल. निनादनं पुण्याहून घाईघाईनं माफीचा एक मजकूर पाठवला. "तांत्रिक बिघाडामुळे काही चुकीची नावे गेली आहेत, तरी क्षमस्व." शेठ म्हणाले, हाच मेल सगळ्यांना पाठवून द्या. मी पाठवायला बसलो तर आपांनी माझा हात धरला.

"न्हाई. बिघाड कुठं झाला? पेटीनं बराबर काम केलं, सॉफ्टवेअरनंबी बराबर केलं. नावं माझी हायेत."

"आपा, लोकं चिडलेत. यंत्रावर ढकललं तर मिटून जाईल," शेठ म्हणाले.

"मिटू द्या न्हाईतर न मिटू द्या. इतकी वर्षं मी फोनवर बोलले, अन् आता शिव्या खायच्या वक्ताला पेटीला पुढं करू?"

चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला. असं फार क्वचित व्हायचं. आणि त्या एकेकाला फोन लावायला लागल्या. काही चिडून बोलले, दोघांनी फोन आपटले. काहींना मात्र खुदकन हसू फुटलं. रडके जाधवांचा फोन मी शेजारी बसून ऐकला.

"आपा, भावकीत समदे हसून राहिले मला. पोरानं गावच्या ग्रुपवर टाकलं. काय बिघडवलं होतं मी तुमचं?" आणि त्यांचा आवाज खरंच भरून आला.

"जाधव भाऊ, माझं चुकलं. पण एक सांगा, आता या वक्ताला तुमी काय करून राहिले?"

पलीकडं नाक पुसल्याचा आवाज आला. मग जाधव रडता रडता हसायला लागले. पुढं त्यांचे मेल यायचे त्याखाली ते स्वतःच लिहायचे, "आपला, रडके जाधव." दुसऱ्या जाधवांशी घोटाळा नको म्हणून.

पण सगळेच जाधव नसतात. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती. त्या हंगामात ते एकदम बरेच कुकर घेणार होते, आणि शेठ महिनोन् महिने त्यांच्या मागं होते. त्यांचे अध्यक्ष कदम साहेब दुसऱ्या दिवशी जीपनं आले. त्यांच्या मेलवर होतं, "प्रिय डबल ढोलकी कदम."

शेठनी पेढे मागवले होते. कदमांनी पेढ्याला हात लावला नाही. "हे कुणी लिहिलं?"

शेठ म्हणाले, "साहेब, त्याचं काय आहे, नवीन कॉम्प्युटर..."

"मी लिहिलं," आपा दारातून म्हणाल्या. अनवाणीच आलेल्या.

"काहून?"

"तुमी आमचं कोटेशन त्या दुसऱ्या कारखान्याला दाखवता, अन् त्यांचं आमाला. दोनी बाजूनं वाजवता. वाजवता बराबर, एकबी ठेका चुकत न्हाई, म्हणून ध्यानात राहिलं."

शेठनी डोळे मिटून घेतले. कदमांनी खुर्ची आपांकडे वळवली. मग विचारलं, "अन् त्या दुसऱ्या कारखान्यात मला काय म्हणतात?"

"तिथं माझ्यासारखं कुणी न्हाई. तिथं तुमाला साहेबच म्हणत असतील."

कदम उठले, जीपमध्ये बसले आणि त्या दुसऱ्या कारखान्यात गेले. सगळे कुकर त्यांनी तिकडून घेतले.

शेठ आपांवर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "आपा, आजपासून तुम्ही स्पेअरच्या गोदामात बसा. मेल आता सॉफ्टवेअर बघेल." आपांनी टेबलाखालच्या चपला घातल्या, चहाचा पेला घेतला आणि फॅक्टरीच्या मागच्या गोदामात जाऊन बसल्या. नट-बोल्टच्या खोक्यांमध्ये.

मी दुपारी त्यांना भेटायला गेलो. वाटलं होतं, नोकरीचं वाईट वाटत असेल. त्या म्हणाल्या, "महाराज, पठाण फोन उचलून राहिले न्हाईत."

पठाणही आमच्याकडे बरेच होते. हे कळमनुरीकडच्या एका खेड्यातले, आमच्याकडून घेतलेला कुकर भाड्यानं फिरवायचे. मागच्या वर्षी त्यांनी मेल केला होता, की घरातलं लग्न मोडलंय, दुरुस्तीला दिलेला कुकर जरा उशिरा पाठवा. आपांनी ओळख राहावी म्हणून पत्त्यापुढं लिहून ठेवलं, "लग्न मोडलेले पठाण." त्यात थट्टा नव्हती. पण मेल गेला तो असाच, शुभेच्छांसकट.

"रविवारी मला गाडीवर घेऊन चल," त्या म्हणाल्या.

आम्ही गेलो. रस्ताभर आपा गप्प. मागं बसलेली बाई पडली की काय म्हणून मी दोनदा वळून पाहिलं. पठाण अंगणात होते, कुकरच्या चाकाला वंगण लावत. त्यांनी "या" म्हटलं, खाट पुढं केली, आणि पुन्हा चाकाकडे वळले. एवढंच. पाणी घेऊन त्यांची मुलगी बाहेर आली. नाझिया तिचं नाव. मी बसलेलो म्हणून असेल, बोलणं मराठीतच झालं.

"आपा, मेल मीच वाचते," ती म्हणाली. "अब्बांना मोठ्यानं वाचून दाखवते. तोबी दाखवला."

आपांच्या हातात पाण्याचा पेला तसाच. पाणी न पिताच त्यांनी तो खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "बेटा, मला माफ कर. मी नुसतं ओळखायला लिहिलं होतं. पण कुणाचं दुःख असं नावाला लावू नये. माझं गलत झालं."

"एक गलती खरंच हाय त्यात," नाझिया म्हणाली. "लग्न अब्बांचं न्हाई मोडलं. माझं मोडलं. अन् मोडलं न्हाई, मी मोडलं. लिहायचं तर बराबर लिहा."

आपांनी मान वर केली. "काहून मोडलं?"

"नवरदेव आमचा कुकर मागत होता. म्हणे हुंडा नको, मशीन द्या."

"कुठला कुकर? मोठा का छोटा?"

"मोठा."

"मंग बराबर केलं. छोटा असता तर इचार करता आला असता."

नाझिया जी हसायला लागली ती खाटेचा पाय धरून खालीच बसली. आपाही हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी ओढणीनं डोळे पुसले. चाकापाशी बसलेल्या पठाणांची पाठ आमच्याकडे होती. पण ती पाठही हलत होती.

परत येताना आपा एकदाच बोलल्या. "लय बेधडक पोरगी हाय. मी तर घरच्यांनी दिलं तिथं मुकाट्यानं गेले." मी गाडी चालवत राहिलो.

इकडे ऑफिसात सॉफ्टवेअर एकटं कारभार करत होतं. मेल आला की क्रमांक देत होतं, गोड उत्तर पाठवत होतं. आणि लोक त्या गोड उत्तराला उलट विचारत होते, "आपा कुठं हायेत?" सॉफ्टवेअर त्यालाही नवा क्रमांक देत होतं. काही जण तर बिघाड लिहायचेच नाहीत, विषयाच्या जागी फक्त लिहायचे, "आपाला द्या." दोनदा-बोल गुरुजींनी तोच मेल दोनदा पाठवला.

एका सोमवारी निनाद पडद्यावर आला. शेठ आणि मी समोर बसलेलो. त्यानं तक्रारींच्या कारणांचं गोल चित्र दाखवलं. झाकणाचा गॅसकेट एवढासा, बेअरिंग त्याहून थोडं मोठं, आणि अर्ध्याहून जास्त गोल एकाच रंगाचा. त्यावर लिहिलेलं, "आपा."

निनाद फार गंभीरपणे म्हणाला, "सर, हा आपा नावाचा पार्ट फारच कमी पडतोय. सगळीकडून त्याचीच मागणी आहे. तुम्ही त्याचा सप्लायर बदलून बघा ना."

शेठ माझ्याकडे बघत होते, मी खिडकीतून बाहेर बघत होतो. आधी फुटलो मी. मग शेठ फुटले, आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. बिचाऱ्या निनादला काय झालं ते कळेना. शेठ तसेच उठले आणि स्वतः गोदामाकडे गेले. परत आले तेव्हा पुढं आपा होत्या आणि मागं शेठ, हातात आपांचा चहाचा पेला घेऊन.

एक अट मात्र शेठनी घातली. सगळी नावं नीट करायची. मी आणि आपा आठवडाभर ते करत बसलो. आपा एकेकाला फोन करून पूर्ण नाव विचारायच्या आणि मी टाइप करायचो. गिऱ्हाईक आधी विचारायचं, "पहिलं काय ठेवलं होतं ते तर सांगा." वसमतकडचे एक इमदाद भाई होते. त्यांच्यापुढं आपांनी काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसतं इमदाद. ते खट्टू झाले. "माझं काहीच न्हाई? इतका बेचव माणूस हाय का मी?" आपांनी त्यांना तिथल्या तिथं, फोनवरच, एक नाव ठेवून दिलं. ते इथं लिहिता येणार नाही. इमदाद भाई खूश होऊन महिनाभर ते सगळ्यांना सांगत होते.

सॉफ्टवेअर आणि आपा यांचं पुढं बरं जमलं. क्रमांक त्यानं द्यायचे, उत्तर आपांनी. रागाचा मेल आला की ते त्याला लाल रंग लावायचं, आणि लाल रंग दिसला की आपा चहा मागवायच्या. कदम साहेब दुसऱ्या वर्षी परत आले. आले ते सरळ आपांच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "तिकडं साहेब म्हणतात, पण फिटर पाठवत न्हाईत."

गुडघे दुखायला लागले तशी आपांनी नोकरी सोडली आणि त्या नांदेडला लेकीकडे राहायला गेल्या. आता आमच्या ऑफिसात मेल शांतपणे वाचले जातात.

परवा त्या मला फाट्यावर दिसल्या. कुणाच्या तरी लग्नाला आलेल्या, हातात पिशवी, हायवेच्या पलीकडं एका बाईशी बोलत उभ्या. मी इकडून हात केला. त्यांनी मला पाहिलं आणि येणाऱ्या गाड्यांकडे न बघता, पंजा वर करून, सरळ रस्त्यावर उतरल्या. एक मोठा ट्रेलर फुसकारा टाकत थांबला, त्याच्यामागं एक टँकर, त्याच्यामागं एसटी. आपा दुखऱ्या गुडघ्यांनी सावकाश मध्यापर्यंत आल्या, आणि मागं राहिलेल्या त्या बाईशी काहीतरी बोलायचं राहिलं असावं, म्हणून तिथूनच परत फिरल्या. पंजा तसाच वर. ट्रेलरचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून बघत होता. हॉर्न त्यानं वाजवला नाही. आपांनी त्या बाईशी बोलणं पुरं केलं, दोघी हसल्या, आणि मग त्या पुन्हा रस्त्यावर उतरल्या. ड्रायव्हरला त्या काहीतरी म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. पण त्यानं इंजिन बंद केलं.